जुनी पत्रे कशी वाचावीत : एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश लेखकांचे खासगी कागद कोल्हापुरात बसून अभ्यासताना

इंग्रजी साहित्य शिकणारे विद्यार्थी एम. ए.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच. डी.च्या आराखड्यासाठी विषय शोधू लागले, की त्यांच्यापैकी एखाद्याला तरी लेखकांच्या खासगी पत्रांची ओढ लागते. डिकन्सचा संसार का मोडला, शार्लट ब्राँटीच्या मनात ब्रुसेल्सहून परतल्यावर काय चालले होते, जॉर्ज एलियटने समाजाचा रोष पत्करून दिवस कसे काढले, याची उत्तरे कादंबऱ्यांत नसतात आणि चरित्रांत ती चरित्रकाराने आधीच घडवून ठेवलेली असतात. म्हणून मूळ कागदच पाहावेत असे वाटू लागते. ही इच्छा रास्त आहे, आणि ती पुरी करण्यासाठी लगेच लंडनचे तिकीट काढावे लागत नाही. मात्र पत्र हाती आले म्हणजे सत्य हाती आले, ही समजूत सर्वप्रथम बाजूला ठेवावी लागते. पत्रात काय लिहिले आहे हे विचारण्याआधी ते पत्र कोणी राखले, कोणी फाडले, कोणी छापले आणि कोणाकोणाच्या हातून आपल्यापर्यंत आले, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. या लेखातील सारी कृती त्या एका सवयीतून निघते.

मी ही सवय इंग्रजी पत्रांवर नव्हे, मोडी कागदांवर शिकले. आपल्या पुराभिलेखागारात संस्थानी दफ्तराचा एखादा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला, की जाणता वाचक मजकुरावर तुटून पडत नाही. तो कागदाची पाठ पाहतो, शिक्का पाहतो, घडी कशी घातली होती ते पाहतो, आणि हे पत्र याच रुमालात का ठेवले गेले असेल याचा विचार करतो. ज्या कोल्हापूरकराने एकदा तरी असा रुमाल सुटताना पाहिला आहे, त्याला व्हिक्टोरियन काळातील पत्र परके वाटण्याचे कारण नाही.

पत्र शोधावे कोठे

नवा अभ्यासक लेखकाच्या नावाने शोध घेतो आणि तिथेच पहिली चूक होते. पत्र लिहिणाऱ्याच्या घरी राहत नाही. ज्याला ते मिळाले त्याच्या घरी राहते. चार्ल्स डिकन्सचे उदाहरण घ्यावे. ३ सप्टेंबर १८६० रोजी त्याने गॅड्स हिल येथील आपल्या घरामागच्या शेतात वीस वर्षांत साठलेली, इतरांनी त्याला पाठवलेली पत्रे जाळून टाकली. मुलांनी टोपल्या भरभरून कागद आणले आणि त्या राखेत कांदे भाजले, अशी आठवण घरच्यांनी पुढे सांगितली. त्या आगीत त्याच्या काळातील कोणाकोणाची अक्षरे गेली असतील याची कल्पना केली तरी जीव हळहळतो. परंतु डिकन्सने स्वतः लिहिलेली पत्रे तोवर शेकडो लोकांच्या घरी पोहोचली होती आणि ती त्याच्या हाताबाहेर होती. त्याच्या पत्रांची बारा खंडांची संशोधित आवृत्ती १९६५ ते २००२ या काळात निघाली, तीत चौदा हजारांहून अधिक पत्रे आहेत, आणि ती जमवावी लागली ती मित्र, प्रकाशक, नट, बँकवाले, दूरचे वाचक अशा असंख्य लोकांच्या कागदांतून.

म्हणून आधी एक वही करावी आणि तीत आपल्या लेखकाची नव्हे, त्याच्या पत्रव्यवहारातील माणसांची यादी करावी: भावंडे, शाळेतील मैत्रिणी, प्रकाशक, वकील, डॉक्टर, शेजारी. प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीचे कागद आज कोठे आहेत ते शोधून लिहावे. यासाठी ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्ह्जची ‘डिस्कव्हरी’ ही सूची, विद्यापीठांच्या संग्रहांची ‘अर्काइव्ह्ज हब’ ही एकत्र सूची, आणि रेडिंग विद्यापीठाने तयार केलेली इंग्रजी साहित्यिकांच्या हस्तलिखितांची व पत्रांची स्थलसूची, ही तीन साधने घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठा सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा दीर्घकाळ विस्कळीत राहिल्या. त्यामुळे जुन्या लेखांत दिलेले हस्तलिखितांच्या चित्रांचे दुवे उघडले नाहीत तर निराश न होता हस्तलिखिताचा क्रमांक टिपून घ्यावा. दुवे बदलतात, क्रमांक सहसा बदलत नाही.

शोध घेताना नावांची सर्व रूपे वापरावी लागतात, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत. जॉर्ज एलियट हे टोपणनाव; तिचे कागद मेरी ॲन इव्हान्स, मॅरियन इव्हान्स, मॅरियन लुइस आणि १८८० मधील विवाहानंतरचे क्रॉस अशा अनेक नावांखाली विखुरलेले असू शकतात. डिकन्सचे जिच्याशी गुप्त नाते होते ती नटी एलन टर्नन पुढे लग्नानंतर एलन व्हार्टन रॉबिन्सन झाली. आपल्याकडे माहेरचे आणि सासरचे नाव वेगळे धरून वंशावळ जुळवण्याची जी रीत आहे, तीच इथे उपयोगी पडते.

छापील पत्रसंग्रहांसाठी शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय आणि १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर, या दोन ठिकाणी आधी चौकशी करावी. जे तिथे नसेल त्यांपैकी एकोणिसाव्या शतकात छापलेले जवळजवळ सर्व ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर आणि ‘हाथीट्रस्ट’वर सापडते. थॉमस कार्लाइल आणि जेन वेल्श कार्लाइल यांचा प्रचंड पत्रव्यवहार तर टिपांसह ऑनलाइन खुला आहे.

कोणी राखले, कोणी नष्ट केले

पत्र मिळाले, की वहीच्या डाव्या पानावर त्याचा प्रवास लिहावा आणि मजकुराची टिपणे उजव्या पानावर करावीत. डावे पान भरल्याशिवाय उजव्या पानाला हात लावू नये, असा नियम मी विद्यार्थ्यांना घालून देते, आणि तो जाचक वाटला तरी पाळायला सांगते. कारण जे टिकले ते कोणाच्या तरी इच्छेने टिकले. जेन ऑस्टिनच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी तिची बहीण कॅसॅन्ड्रा हिने तिची बरीच पत्रे जाळली, काहींमधील भाग कापून काढले. आज जेमतेम एकशे साठ पत्रे उरली आहेत. तेव्हा त्या पत्रांतील जेन कधीच फार दुखावलेली किंवा संतापलेली दिसत नाही, असा निष्कर्ष काढण्याआधी ती कोणत्या चाळणीतून आली आहेत हे लिहिले पाहिजे. बायरनच्या आठवणींचे हस्तलिखित १७ मे १८२४ रोजी लंडनमध्ये त्याच्या प्रकाशकाच्या दिवाणखान्यात, त्याच्याच स्नेह्यांच्या आणि कुटुंबाच्या प्रतिनिधींच्या समक्ष, शेगडीत घातले गेले. शार्लट ब्राँटीचे १८५४ मध्ये लग्न झाल्यावर तिच्या नवऱ्याला, आर्थर बेल निकोल्स याला, तिने मैत्रिणीला इतक्या मोकळेपणाने लिहावे हे धोक्याचे वाटले. आगपेटीच्या काड्यांइतकी ही पत्रे घातक आहेत असे त्याचे मत शार्लटने स्वतःच मैत्रिणीला कळवले आणि ती जाळण्याचे वचन मागितले. त्या मैत्रिणीने, एलन नसीने, अट घालून वचन दिले आणि पत्रे जपून ठेवली. आज शार्लटच्या मनाविषयी आपण जे जाणतो त्याचा मोठा भाग एका न पाळलेल्या वचनावर उभा आहे. एलनचे हे करणे योग्य होते की नाही याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही, पण शार्लटविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो प्रश्न निदान स्वतःला विचारावा.

या बाबतीत एक कागद अगदी जवळून पाहण्यासारखा आहे. शार्लट १८४२ मध्ये ब्रुसेल्सला शिकायला गेली. तेथील शिक्षक कॉन्स्टन्टिन एजे याच्याकडे तिचे मन गुंतले. तो विवाहित होता. ती हॉवर्थला, आपल्या गावी, परतल्यावर तिने त्याला फ्रेंचमध्ये पत्रे लिहिली. त्यांपैकी १८४४ आणि १८४५ मधील चार उरली आहेत. एजेच्या मुलांनी ती १९१३ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिली आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात ती ‘टाइम्स’मध्ये छापली गेली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत ‘ॲड. एमएस. ३८७३२’ या क्रमांकाखाली आहेत. त्यांची चित्रे पाहताना मजकूर वाचू नये. फ्रेंच येत नसेल तर त्या क्षणी ते बरेच. आधी फाटलेल्या कडा पाहाव्यात. तीन पत्रे फाडलेली आहेत आणि नंतर कोणीतरी ते तुकडे जुळवून, कुठे सुईदोऱ्याने टाके घालून, कुठे कागदाच्या पट्ट्या चिकटवून, पुन्हा सांधले आहेत. पत्रे फाडली ती एजेने आणि केराच्या टोपलीतून उचलून सांधली ती त्याच्या पत्नीने, असे त्या घरात सांगितले जाई. चौथे, १८ नोव्हेंबर १८४५ चे पत्र फाडलेले नाही. मात्र त्याच्या समासात एजेने पेन्सिलीने एका चांभाराचे नाव आणि पत्ता टिपून ठेवला आहे. एका बाईने उत्तराची वाट पाहत जीव टाकून लिहिलेल्या ओळी आणि त्यांच्या शेजारी जोडे दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता! शार्लटचे शब्द न वाचताही हा कागद तिघांची गोष्ट सांगतो: जिने लिहिले तिची, ज्याने फाडले त्याची आणि जिने शिवले तिची. शिवणारीने ती का जपली असावीत, प्रेमाने की पुराव्यासाठी, याचे उत्तर टाक्यांत मिळत नाही. ते डाव्या पानावर प्रश्न म्हणूनच लिहून ठेवावे.

एलिझाबेथ गॅस्केलने १८५७ मध्ये शार्लटचे चरित्र लिहिले तेव्हा ती ब्रुसेल्सला जाऊन एजेला भेटली होती आणि या पत्रांतील मजकूर तिला ठाऊक झाला होता, तरी चरित्रात तिने त्यातला निरुपद्रवी भाग तेवढा घेतला. मैत्रिणीची अब्रू तिला राखायची होती. छापलेले चरित्र हा म्हणूनच नेहमी दुय्यम पुरावा.

कागद आणि अक्षर

१० जानेवारी १८४० पासून ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर कोठेही पत्र जाऊ लागले. त्याआधी टपालखर्च अंतरावर आणि कागदाच्या तावांच्या संख्येवर ठरत असे आणि तो बहुधा पत्र मिळणाऱ्याला द्यावा लागे. पाकीट घातले तर तेही एक पान म्हणून मोजले जाई, म्हणून पत्र स्वतःवरच घडी घालून लाखेने बंद करीत आणि पत्ता पाठीवर लिहीत. पैसे वाचवण्यासाठी पान भरल्यावर ते आडवे फिरवून त्याच ओळींवर काटकोनात पुढचा मजकूर लिहीत. असे पत्र प्रथम पाहिले की जाळी विणल्यासारखे दिसते आणि धीर सुटतो. उपाय सोपा आहे: चित्र संगणकावर घेऊन आधी सरळ दिशेच्या ओळी वाचाव्यात, मग चित्र नव्वद अंशांनी फिरवून दुसऱ्या दिशेच्या. डोळा एकाच दिशेला सरावला की आडव्या रेघा आपोआप मागे हटतात. शाई फिकी असेल तर चित्रातील उजेड-अंधाराचा फरक (कॉन्ट्रास्ट) वाढवावा किंवा रंग उलटे करावेत. त्या काळची लोहयुक्त शाई कालांतराने तपकिरी होते आणि कधीकधी कागदही खाते, त्यामुळे मागच्या पानावरची अक्षरे पुढे उमटलेली असतात, ती या पानाची म्हणून वाचू नयेत.

अक्षर लागत नसेल तर मोडी शिकताना करतो तसाच तक्ता करावा. ज्या शब्दांची खात्री आहे, म्हणजे तारीख, महिना, गावाचे नाव, संबोधन आणि समारोपाचा ठराविक मायना, त्यांतून त्या व्यक्तीची अक्षरे उतरवून घ्यावीत आणि अडलेला शब्द त्या तक्त्याशी ताडून पाहावा. शतकाच्या पूर्वार्धात शिकलेल्या पिढीच्या हातात जोड ‘एस’ लिहिताना पहिला ‘एस’ लांब असतो आणि तो ‘एफ’सारखा दिसतो, त्यामुळे ‘मिस’ हा शब्द ‘मिफ्स’ असा वाचला जातो. हे एकदा लक्षात आले की पुन्हा फसत नाही.

लिप्यंतर करताना मूळ ओळ जिथे तुटते तिथेच आपली ओळ तोडावी, खोडलेला शब्द खोडलेलाच दाखवावा, चुकीचे शुद्धलेखन सुधारू नये, आणि शंका असेल तिथे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह घालावे. सुरुवातीला मी एका पत्रातील अडलेला शब्द अर्थाच्या ओघाने भरून टाकला आणि त्यावर दोन पानांचे विवेचन रचले. वर्षभराने स्वच्छ चित्र मिळाले तेव्हा तो शब्द अगदी उलट अर्थाचा निघाला. ते विवेचन मला फाडून टाकावे लागले आणि तेव्हापासून प्रश्नचिन्हाची मला लाज वाटत नाही.

सरावासाठी रॉबर्ट ब्राउनिंग आणि एलिझाबेथ बॅरेट यांच्या पत्रांइतके चांगले साहित्य दुसरे नाही. १० जानेवारी १८४५ रोजी रॉबर्टने तिला पहिले पत्र लिहिले, १२ सप्टेंबर १८४६ रोजी त्यांनी घरच्यांना न कळवता लग्न केले, आणि मधल्या वीस महिन्यांत एकमेकांना ५७३ पत्रे लिहिली. ती अमेरिकेतील वेलस्ली कॉलेजात आहेत, त्यांची चित्रे ऑनलाइन खुली आहेत, आणि त्यांचा मजकूर १८९९ पासून छापील आहे. म्हणजे आपले लिप्यंतर करून झाल्यावर ते ताडून पाहता येते. दोन्ही बाजूंची पत्रे टिकण्याचा योग फार दुर्मीळ. तरीही तिथे एक पत्र नाही. मे १८४५ मध्ये पहिल्या भेटीनंतर रॉबर्टने उतावीळपणे प्रेम व्यक्त केले, एलिझाबेथने ते पत्र परत पाठवले आणि त्याने ते नष्ट केले. ते होते हे आपल्याला कळते ते आजूबाजूच्या पत्रांवरून. प्रत्येक पत्रव्यवहारात अशा रिकाम्या जागा शोधाव्यात: ‘तुझ्या कालच्या पत्रात’ असे शब्द आले आणि कालचे पत्र हाती नसले, तर वहीत त्या तारखेला कोरी ओळ सोडावी.

तारीख ठरवताना

घाईत लिहिलेल्या पत्रावर अनेकदा वार आणि दिनांक असतो, वर्ष नसते. इथे पंचांग मदतीला येते. समजा, डिकन्सच्या एका चिठ्ठीवर ‘मंगळवार, ८ जून’ एवढेच आहे. १८४० ते १८७० या काळात ८ जूनला मंगळवार पाच वेळा आला: १८४१, १८४७, १८५२, १८५८ आणि १८६९. आता कागदाच्या माथ्यावर ‘टॅव्हिस्टॉक हाउस’ असा पत्ता असेल, तर त्या घरात तो १८५१ च्या अखेरीपासून १८६० पर्यंत राहिला, म्हणून दोनच वर्षे उरली, १८५२ आणि १८५८. पत्त्यात लंडनपुढे ‘डब्ल्यू. सी.’ ही अक्षरे असतील, तर शहराचे टपाल-विभाग १८५७-५८ च्या सुमारास पाडले गेले असल्याने १८५२ बाद होते. आता या दोन वर्षांतील फरक पाहावा. १८५२ च्या जूनमध्ये डिकन्स कुटुंबवत्सल लेखक म्हणून सर्वांना ठाऊक होता. १८५८ च्या जूनमध्ये पत्नी कॅथरिनपासून तो नुकताच वेगळा झाला होता आणि त्याच आठवड्यात आपल्या घरगुती प्रश्नाविषयीचे निवेदन त्याने वृत्तपत्रात छापले होते. ‘घरी सर्व ठीक आहे’ हे साधे वाक्य पहिल्या वर्षी शिष्टाचार ठरेल आणि दुसऱ्या वर्षी लपवाछपवी. तारखेच्या कामाला कंटाळणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण समोर ठेवावे.

वार आणि पत्ता यांखेरीज जलचिन्हाकडेही पाहावे. कागद उजेडासमोर धरला की गिरणीचे नाव आणि पुष्कळदा वर्ष दिसते. त्या वर्षाच्या आधी ते पत्र लिहिलेले असू शकत नाही. आपल्याला मूळ कागद हाती मिळणार नाही, पण संग्रहालयाला ईमेलने हा प्रश्न नेमका विचारला तर बहुधा उत्तर येते. ईमेलमध्ये हस्तलिखित क्रमांक, पान क्रमांक आणि एकच प्रश्न असावा. ‘डिकन्सविषयी माहिती हवी आहे’ असे लिहिणाऱ्याला कोणीही मदत करू शकत नाही.

छापील संग्रहांवर किती विसंबावे

जॉर्ज एलियटच्या मृत्यूनंतर तिचा नवरा जॉन क्रॉस याने १८८५ मध्ये तिच्या पत्रांतून तिचे चरित्र गुंफले. ते करताना त्याने पत्रांतील तीक्ष्ण, विनोदी, दैनंदिन भाग मोठ्या प्रमाणावर गाळला आणि एक गंभीर, संथ ज्ञानवती उभी केली. गॉर्डन हेट याने संपादित केलेले नऊ खंड १९५४ ते १९७८ या काळात निघाले, तेव्हा वाचकांना दुसरीच बाई भेटली. मी आधी क्रॉसची प्रत वाचली होती आणि कित्येक वर्षे मला एलियट रुक्ष वाटत असे. हा तिच्यावर माझ्याकडून झालेला अन्याय आहे. शक्य असेल तिथे एकाच पत्राच्या दोन छापील प्रती समोरासमोर ठेवून काय गाळले ते रंगीत पेन्सिलीने खुणावे. गाळलेल्या जागा एकत्र वाचल्या की संपादकाची भीती कळते.

ब्राँटी भगिनींच्या कागदांबाबत आणखी सावध राहावे लागते, कारण ते मोठ्या प्रमाणावर टी. जे. वाइज या संग्राहकाच्या हातून गेले आणि विकले जाऊन विखुरले. हाच वाइज दुर्मीळ छोट्या पुस्तिकांच्या बनावट आवृत्त्या तयार करीत होता हे जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले. मालकांच्या साखळीत असे नाव दिसले की थांबावे.

डायऱ्या, टिपणे आणि ऐकीव साक्षी

एलन टर्नन आणि डिकन्स यांनी एकमेकांना लिहिलेले एकही पत्र आज उपलब्ध नाही. तरीही त्या नात्याविषयी भक्कम पुरावा मिळतो तो एका छोट्या खिशातल्या डायरीतून. १८६७ सालची ही डायरी अमेरिकेच्या दौऱ्यात त्याच्याकडून हरवली, १९२२ मध्ये एका लिलावात पुढे आली आणि आता न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बर्ग संग्रहात आहे. तीत ‘एन’ या एका अक्षराने नेलीच्या, म्हणजे एलनच्या, भेटी नोंदल्या आहेत. तारेची एक सांकेतिक खूणही तीत आहे: अमेरिकेहून ‘सर्व ठीक’ अशी तार आली तर तिने निघून यावे, ‘सुखरूप आणि ठीक’ अशी आली तर येऊ नये. नोव्हेंबर १८६७ मध्ये त्याने पाठवलेल्या तारेत ‘सुखरूप आणि ठीक’ हे शब्द होते. दोन शब्दांच्या फरकात एका माणसाने स्वतःच्या मनाला घातलेला बांध दिसतो, आणि तो पानभर प्रेमपत्रापेक्षा मला अधिक बोलका वाटतो. म्हणून हिशेबाच्या वह्या, डायऱ्या, तारा, किराणा-शिंप्याच्या याद्या यांना पत्रांइतकाच मान द्यावा.

डिकन्सची लघुलिपी हा आणखी एक धडा. तरुणपणी वार्ताहर म्हणून शिकलेली ही लिपी त्याने स्वतःच्या सोयीने इतकी बदलली होती, की न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीतील १८५९ चे, टॅव्हिस्टॉक हाउसच्या कागदावरचे एक पत्र दीडशेहून अधिक वर्षे कोणाला लागले नाही. २०२२ मध्ये जगभरच्या हौशी वाचकांनी घरी बसून त्याचा मोठा भाग उलगडला, आणि ते ‘टाइम्स’ने नाकारलेल्या एका जाहिरातीविषयी निघाले. असे काम कोल्हापुरातूनही होऊ शकते, आणि मोडी वाचणाऱ्याच्या हातून ते अधिक चांगले होईल अशी माझी खात्री आहे.

ऐकीव साक्षीबाबत मात्र हात आखडता घ्यावा. अभ्यासक जॉन बोवेन यांनी २०१९ मध्ये हार्वर्डमधील एका पत्रसंग्रहातून अशी माहिती पुढे आणली, की डिकन्सने कॅथरिनला वेड्यांच्या इस्पितळात घालण्याचा प्रयत्न केला होता. पत्रे एडवर्ड डटन कुक याची. तो कॅथरिनचा शेजारी होता आणि तिने अखेरच्या काळात त्याला हे सांगितले. ही माहिती गंभीर आहे आणि ती दडपू नये. पण वहीच्या डाव्या पानावर तीन पायऱ्या स्पष्ट लिहाव्यात: घटना १८५८ च्या सुमाराची, कॅथरिनने ती सांगितली सुमारे वीस वर्षांनी, आणि लिहिली तिसऱ्याच माणसाने. तिचे दुःख खरे मानूनही तपशिलाचे वजन या पायऱ्यांनुसार ठरवावे. कॅथरिनने स्वतः वेगळा पुरावा मागे ठेवला आहे: डिकन्सची तिला आलेली पत्रे तिने मुलगी केट हिच्याकडे दिली आणि त्याचे एके काळी आपल्यावर प्रेम होते हे जगाला कळावे म्हणून ती ब्रिटिश म्युझियमला द्यावीत असे सांगितले. ती तिथे पोहोचली. जाळणाऱ्या नवऱ्याला राखणाऱ्या बायकोने दिलेले हे उत्तर त्या प्रकरणातील दोन्ही बाजूंच्या टिपणांसमोर ठेवूनच वाचावे.

हक्क आणि पहिला सराव

लेखक मरून दीडशे वर्षे झाली म्हणून पत्र मुक्त झाले असे समजू नये. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे कित्येक जुन्या अप्रकाशित लेखनाचा हक्क ३१ डिसेंबर २०३९ पर्यंत चालू राहतो, आणि कागदाची मालकी ज्या संस्थेकडे आहे ती चित्र छापण्यासाठी वेगळी परवानगी व शुल्क मागू शकते. प्रबंधात दोन ओळी उद्धृत करणे आणि संपूर्ण पत्र छापणे यांत फरक आहे; छापायचे असेल तर परवानगीचे पत्र लिहिण्याचे काम पहिल्या महिन्यातच सुरू करावे.

आणि सराव आपल्याच गावापासून करावा. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले. डिकन्स वारला त्याच उन्हाळ्यात ते लंडनमध्ये होते. ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची इंग्रजी दैनंदिनी कॅप्टन एडवर्ड वेस्ट याने संपादित केली आणि १८७२ मध्ये लंडनच्या स्मिथ, एल्डर या प्रकाशनाने छापली. शार्लट ब्राँटीच्या कादंबऱ्या छापणारे तेच प्रकाशक. हे पुस्तक ऑनलाइन मिळते. ते उघडून वहीचे डावे पान आधी भरावे: लिहिणारा विशीतला राजा, छापणारा सरकारी अधिकारी, वाचणारे इंग्रज, आणि लेखक हयात नसल्याने दुरुस्त्यांना संमती देणारा कोणीच नाही. मग एकेक दिवसाची नोंद वाचून पेन्सिलीने खूण करावी, हे वाक्य महाराज स्वतःसाठी लिहीत होते, की कोणीतरी वाचणार आहे हे ठाऊक असलेल्या माणसाचे आहे. जिथे ठरवता येणार नाही तिथे चौकटी कंस आणि प्रश्नचिन्ह. पंधरा दिवसांच्या नोंदी अशा वाचून झाल्या की शार्लटच्या त्या शिवलेल्या पत्राकडे वळावे.